उभं इंग्लिश घड्याळ घरी आणताय? तबकडीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

लेस्टरला राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी एका लिलावात लाँगकेस घड्याळ घेतलं. माणसापेक्षा उंच लाकडी पेटी, वर रंगवलेली तबकडी, आत लांब लंबक आणि दोन वजनं. तबकडीवर लिहिलं होतं: ‘डीकन, बार्टन’. मी तिथेच उभ्याउभ्या फोनवर शोधलं. सॅम्युएल डीकन, जन्म १७४६, मृत्यू १८१६, मार्केट बॉसवर्थजवळच्या बार्टन इन द बीन्स या खेड्यातला घड्याळजी. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला! पुढचा विचार करायच्या आत हात वर गेला होता.

घरी आल्यावर दोन गोष्टी कळल्या. यंत्र डीकनांकडचं होतं, पण पेटी दुसऱ्याच कुठल्या तरी घड्याळाची होती. आणि ते दर शुक्रवारी बंद पडत होतं. पहिली गोष्ट मला विकत घेण्याआधी पाच मिनिटांत कळली असती. दुसरीचं कारण समजायला दोन महिने आणि एका घड्याळजीची फी गेली. इंग्लंडात राहणाऱ्या ओळखीच्या दोघा-तिघांनी अलीकडे ‘असं घड्याळ घ्यावं का’ म्हणून विचारलं, म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढते.

आधी जमवून ठेवा

सामान: मोजपट्टी, चांगला टॉर्च, पाणसळ, सुती हातमोजे (घामाच्या बोटांचे डाग पितळेवर कायमचे बसतात), कागदी चिकटपट्टी, दोन जुन्या गोधड्या, लाकडी पाचरी, लांब स्क्रू आणि चावी. ही चावी हँडलसारखी फिरवायची असते आणि तिचं चौकोनी भोक आपल्या घड्याळाच्या दांडीला घट्ट बसायला हवं. सैल चावी निसटली तर तबकडीवर ओरखडा ठरलेला.

कागद: लिलावाची पावती, त्या वस्तूच्या कॅटलॉगमधल्या वर्णनाचा फोटो, भाड्याचं घर असेल तर भिंतीत स्क्रू मारायला घरमालकाची लेखी परवानगी (का ते सहाव्या पायरीत), आणि आधीच्या मालकाने दुरुस्ती केली असेल तर तिचं बिल. पेटीच्या दारावर किल्लीच्या भोकाभोवती पांढरी चकती असेल तर ती हाडाची की हस्तिदंताची, हे विचारा. २०२२ पासून ब्रिटनमध्ये हस्तिदंत असलेल्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर कडक बंदी आहे. १९४७ पूर्वीची वस्तू असेल आणि तिच्यात हस्तिदंत दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सूट मिळते, पण त्यासाठी नोंदणी झालेली असावी लागते. विकणाऱ्याकडे तो कागद मागा.

## १. घड्याळाआधी खोली मोजा

ही घड्याळं साधारण सात ते आठ फूट उंच असतात. इथल्या नव्या घरांचं छत जेमतेम २.४ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांच्या आसपास. म्हणूनच जुन्या घड्याळांचे पाय कापलेले, डोक्यावरचे पितळी गोळे गायब, कमानीची टोकं तासलेली दिसतात. कुणाच्या तरी घरात ते मावत नव्हतं! तुम्ही तसं करू नका. लहान घड्याळ घ्या.

जागा निवडताना रेडिएटर, शेकोटी आणि ऊन येणारी खिडकी टाळा. लाकूड सुकून तडकतं, वरचा पातळ पापुद्रा उचलला जातो. जमीन लाकडी फळ्यांची असेल तर पावलं पडतात तिथून दूर, खोलीच्या कडेला ठेवा.

## २. कोणी काय बनवलं, ते समजून घ्या

बाहेरून एक दिसणारी ही वस्तू निदान तीन जणांची असते. पेटी सुताराची. पितळी यंत्र घड्याळजीचं, आणि तेही पूर्णपणे त्याचं नव्हे: ओतीव चाकं, घंटा, काटे असे भाग तो बऱ्याचदा विकत आणायचा आणि कापून, घासून, जुळवून चालतं करायचा. तबकडी रंगवलेली असेल तर ती बहुधा बर्मिंगहॅमची. मग नाव कोणाचं? जो गिऱ्हाइकाला जबाबदार, त्याचं. कधी तो स्वतः बनवणारा, कधी नुसता विकणारा. आपल्याकडे पितळेच्या तांब्यावर कोरलेलं नाव तो कोणी घडवला हे सांगत नाही, कोणी दिला ते सांगतं. इथेही जवळजवळ तसंच समजून चाला.

पेटी एवढी उंच आणि अरुंद का, याचं उत्तर लंबकात आहे. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ आणलं आणि १६५८ मध्ये फ्रोमँटील घराण्याने लंडनमध्ये तशा घड्याळांची जाहिरात दिली. पण त्या लंबकाचा झोका खूप रुंद होता. १६७० च्या सुमारास जहाजाच्या नांगरासारखा दिसणारा अँकर आला. तो चाकाचा एकेक दात सोडतो आणि त्याला झोका अगदी लहान पुरतो. मग लांब, जड लंबक अरुंद पेटीत मावायला लागला. बरोबर एका सेकंदाला एक झोका घेणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर असतो. त्याच्याभोवती लाकूड उभं केलं की झालं लाँगकेस.

जाता जाता: ‘ग्रँडफादर क्लॉक’ हे नाव १८७६ च्या एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यामुळे रूढ झालं. सॅम्युएल डीकनच्या गिऱ्हाइकांना ते ठाऊकच नव्हतं.

दोन जाती ओळखा. तबकडीत चावीची दोन भोकं असतील तर सहसा आठ दिवसांचं, म्हणजे एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं: एक वजन वेळेचं, एक टोल्यांचं. भोकं नसतील तर तीस तासांचं: एकच वजन, आणि रोज दार उघडून दोरी किंवा साखळी ओढायची. तीस तासांची घड्याळं स्वस्त मिळतात, टिकायला चिवट असतात, पण रोजची आठवण लागते. मला तेवढी शिस्त नाही.

## ३. पत्रिका बघा: जोडी मूळची आहे का?

पेटी एका घड्याळाची आणि यंत्र दुसऱ्याचं असेल तर इथले व्यापारी त्याला चक्क ‘मॅरेज’ म्हणतात. कॅटलॉगमध्ये हा शब्द सहसा येत नाही. तिथे लिहितात, ‘असोसिएटेड केस’. हे वाचलंत की समजा, लग्न लागलेलं आहे. ‘ए. एफ.’ असं लिहिलं असेल तर आहे त्या दोषांसकट घ्यायची तयारी ठेवा.

लिलावाच्या आदल्या दिवशी वस्तू बघायला देतात. तिथल्या माणसाला हूड, म्हणजे वरचा काचेच्या दाराचा भाग, काढून दाखवायला सांगा. तो पुढे सरकवून निघतो. नाही म्हणाला तर घड्याळ सोडून द्या. हूड निघाल्यावर टॉर्च लावून या क्रमाने पाहा:

यंत्र ज्या आडव्या फळीवर बसलंय ती पेटीच्या दोन बाजूंच्या उभ्या फळ्यांवर टेकलेली असते. त्या फळ्यांच्या डोक्यावर नंतर चिकटवलेला तुकडा आहे का? किंवा त्या नव्याने कापल्यात का? माझ्या घड्याळात दोन्ही बाजूंना बोटभर जाडीचे पाइनचे तुकडे होते, बाकी सगळी पेटी ओकची. पन्नास पावलांवरून ओरडत होते ते, पण मी वाकून पाहिलंच नव्हतं.

मग हूड परत बसवून पाहा. तबकडी आतल्या चौकटीत नेमकी बसते का? कडेला फट दिसत असेल, किंवा चौकटीखाली रंगवलेली फुलं झाकली जात असतील तर शंका घ्या. तबकडी यंत्राच्या पुढच्या पत्र्याला तीन-चार पायांनी जोडलेली असते. त्या पत्र्यावर वापरात नसलेली जादा भोकं असतील तर कधीतरी तिथे दुसरी तबकडी होती. चावीची भोकं तबकडीवरच्या नक्षीला किंवा नावाला कापून गेली असतील तर तेच. आत, मागच्या फळीवर, वजनं घासल्याचे जुने पट्टे दिसतात. ते आत्ताच्या वजनांच्या जागेशी जुळतात का, तेही बघा.

आणि लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. जुनी, काळी पडलेली असतील तर चालतील. भोकाखाली ताजा पांढरट भुसा असेल तर किडा अजून आत आहे. असं घड्याळ घरात आणलंत तर तो तुमच्या बाकीच्या फर्निचरचीही चव बघेल.

जोडी मूळची नसणं म्हणजे घड्याळ टाकाऊ, असं नाही. माझं अजून दिवाणखान्यात उभं आहे. फक्त किंमत त्या मानाने कमी द्यायची असते, आणि मी दिली नाही.

## ४. तबकडीवरून काळ काढा

नाव अजून वाचू नका. तबकडी त्याशिवायही बरंच बोलते.

पितळी, चौकोनी, दहा इंची, कोपऱ्यांत पंखवाल्या बाळांची ओतीव डोकी: हे सतराव्या शतकाच्या शेवटचं. पुढे तबकडी अकरा-बारा इंचांपर्यंत वाढली. वर अर्धगोल कमान १७२० च्या आसपास सर्रास दिसायला लागते. त्या कमानीत कधी चंद्र फिरतो. त्याच्या चकतीवर दोन चंद्र रंगवलेले असतात आणि ती ५९ दिवसांत एक फेरी घेते, म्हणजे २९.५ दिवसांचे दोन चांद्रमास. तिथीचा नाद असलेल्यांना हे फार आवडतं. आमच्या सासूबाई लेस्टरला आल्या की संकष्टी अशाच एका घड्याळावर ताडून बघायच्या आणि दर वेळी घड्याळालाच चूक ठरवायच्या.

पांढरी रंगवलेली लोखंडी तबकडी असेल तर घड्याळ १७७० नंतरचं. बर्मिंगहॅमच्या ऑस्बर्न आणि विल्सन या जोडीने १७७२ मध्ये अशा तबकड्यांची जाहिरात केली आणि पुढच्या काही दशकांत पितळी तबकडी मागे पडली. सुरुवातीच्या तबकड्या शांत असतात: कोपऱ्यात एखादं फूल, थोडं सोनेरी काम, बाकी पांढरं. एकोणिसाव्या शतकात चारही कोपऱ्यांत चार ऋतू, कमानीत उद्ध्वस्त किल्ला नाहीतर शिकारीचा देखावा, अशी गर्दी होते. माझं मत विचाराल तर आधीच्या साध्या तबकड्या पाहत राहाव्यात अशा असतात. नंतरच्या बघून डोळे दमतात.

तबकडी आणि यंत्र यांच्या मधे कधी ओतीव लोखंडी चौकट असते. तिच्यावर उठावात नाव दिसलं तर हुरळून जाऊ नका, ते तबकडी बनवणाऱ्याचं. पण काळ ठरवायला तेच सगळ्यात कामाचं, कारण तबकडीवाल्यांच्या भागीदाऱ्या कधी सुरू झाल्या, कधी मोडल्या, हे बऱ्यापैकी माहीत आहे.

सापळा: रंगवलेली तबकडी ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. आकडे आणि फुलं बर्मिंगहॅमला पक्क्या रंगात व्हायची, पण घड्याळजीचं नाव नंतर, साध्या काळ्या रंगात लिहिलं जायचं. पहिल्याच पुसण्यात जातं ते नाव. बाजारात कितीतरी घड्याळं अशी निनावी झालेली आहेत, आणि कितीतरी नावं नंतर कुणीतरी पुन्हा रंगवलेली आहेत.

## ५. बोली आणि वाहतूक

बोलीवर खरेदीदाराचं कमिशन लागतं आणि त्या कमिशनवर व्हॅट. सगळं मिळून बोलीच्या पाव ते तिसरा हिस्सा धरून चाला. साध्या ओकच्या पेटीतली घड्याळं गावोगावच्या लिलावांत आज काहीशे पौंडांत मिळतात, आणि यंत्राची पूर्ण साफसफाई कधी कधी तेवढीच महाग पडते. हिशोब दोन्हींचा करा.

नेताना पहिली चाल वजनांची. लंबक आधी काढलात आणि वजनं तशीच लटकत राहिली तर अँकर मोकळा सुटतो, चाकं भरधाव फिरतात आणि दात जायची भीती. म्हणून आधी हूड, मग वजनं, मग लंबक. पण वजनं उतरवताना एकाने तबकडी हाताने धरून ठेवा. फळीवर यंत्र बहुतेक वेळा नुसतं बसवलेलं असतं. खालची ओढ गेली की जड तबकडीमुळे सगळं यंत्र पुढे झुकून तुमच्या अंगावर येऊ शकतं. माझ्या वेळी नवऱ्याने छातीवर झेललं. तेव्हापासून तो घड्याळाला ‘तुझं ते’ म्हणतो.

लंबकाच्या वरच्या टोकाला कागदाइतकी पातळ पोलादी पट्टी असते. ती वाकली तर बदलावी लागते, तेव्हा लंबक फळीला बांधून न्या. वजनं ज्या तातीवर लटकतात ती तात सैल पडून गुंतते. ती ज्या नळकांड्याभोवती गुंडाळलेली असते, त्याच्यावरच कागदी चिकटपट्टीने दाबून ठेवा. वजनं शिशाची किंवा बिडाची असतात, प्रत्येकी पाच-सहा किलोंची. शिसं हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना लावू देऊ नका. कुठलं वजन कुठल्या बाजूचं, ते चिठ्ठी लावून ठेवा. दोन्ही सारखी दिसली तरी नेहमी सारखी नसतात.

## ६. उभं करणं, आणि शुक्रवारचं कोडं

पेटी एकटी आधी उभी करा. समोरून आणि बाजूने पाणसळ लावा, पायाखाली पाचरी घाला. मग, आणि हे टाळू नका, पेटी भिंतीला स्क्रूने बांधा.

मी बांधली नव्हती. एवढं जड ओक आहे, हलणार कुठे, असं वाटलं. रविवारी चावी द्यायची, सोम-मंगळ-बुध-गुरू झकास, शुक्रवारी दुपारी बंद. चावी दिली की परत चालू. तेल घातलं, घड्याळजी आले, यंत्र खोलून बघितलं, काही दोष नाही. अखेर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खुर्ची मागितली आणि शुक्रवारी दुपारी चहा घेत नुसते समोर बसून राहिले. मग मला बोट दाखवलं: वजनं हलत होती. अगदी हळू, लंबकाच्या तालात.

गंमत अशी की तातीवर लटकलेलं वजन हाही एक लंबकच. आठवडाभर ते खाली खाली येतं, म्हणजे त्याची लांबी वाढत जाते. पाचव्या-सहाव्या दिवशी ती खऱ्या लंबकाइतकी होते. पेटी मोकळी असेल तर लंबकाच्या झोक्याने ती केसभर हलते, तेवढ्याने वजनांना झोका मिळतो, आणि लंबकाची ताकद तिकडे जाते. लंबक थकतो, घड्याळ थांबतं. पुन्हा चावी दिली की वजन वर, लांबी कमी, सगळं ठीक. दोन स्क्रूंनी कायमचं सुटलं.

स्क्रू मागच्या फळीतून, यंत्राच्या शक्य तितक्या जवळ उंचीवर मारा. भिंतीच्या तळाशी लाकडी पट्टी असते तिच्यामुळे पेटी भिंतीला टेकत नाही, तेव्हा मधे तेवढ्याच जाडीचा ठोकळा घाला. मागच्या फळीत जुनी भोकं असतीलच, तीच वापरा. नव्या घरांच्या भिंती पोकळ असतात, आतला लाकडी खांब शोधून त्यातच स्क्रू बसवा.

मग यंत्र, मग लंबक, सगळ्यात शेवटी वजनं. तात कप्पीवर आणि नळकांड्याच्या खाचांत नीट बसल्याशिवाय वजन सोडू नका.

आता ऐका. टक… टक… टक… अंतर सारखं हवं. ‘टकटक… टकटक’ असं लंगडत असेल तर घड्याळ तासाभरात थांबेल. लंबक हाताने अगदी हळू डावीकडे न्या, टक कुठे होतो ते पाहा, मग उजवीकडे. ज्या बाजूला टक लवकर होतो त्या बाजूला, यंत्रामागची लंबकाला ढकलणारी दांडी खालच्या टोकाशी किंचित वाकवा. वाकवताना तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताने धरा, म्हणजे जोर अँकरवर जाणार नाही. भीती वाटत असेल तर हे काम घड्याळजीला द्या.

## ७. वेळ जुळवणं

मिनिटकाटा पुढेच फिरवा. प्रत्येक तासाला थांबा, टोले पुरे होऊ द्या, मग पुढे. उलटा फिरवू नका. घड्याळ तासभर पुढे असेल तर लंबक थांबवून तासभर वाट पाहा. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे घेतात तेव्हा मी हेच करते आणि त्या तासात जिना झाडते.

लंबकाच्या गोळ्याखाली एक चाकी असते. गोळा वर गेला की घड्याळ पुढे जातं, खाली आला की मागे पडतं. एक मिलिमीटर म्हणजे दिवसाला सुमारे ४३ सेकंद, तेव्हा चाकी पाव-पाव फिरवा आणि दोन दिवस थांबा. लंबकाची पोलादी दांडी उन्हाळ्यात लांबते. दहा अंश तापमान वाढलं तर दिवसाला पाचेक सेकंद जातात. ते सोडून द्या.

कधी भारतात परतताना घड्याळ बरोबर न्यायचा विचार असेल तर हेही ऐका: लेस्टरला अचूक चालणारा लंबक मुंबईत दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल. बिघाड नव्हे. विषुववृत्ताकडे जाताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं. फ्रेंच खगोलज्ञ झाँ रिशे यांना हे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे दिसलं, तिथे त्यांचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडत होतं. गोळा तीनेक मिलिमीटर वर घेतला की मुंबईची वेळ जुळते.

चावी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. नळकांडं बारा तासांत एक फेरी घेतं, म्हणून आठवड्याची भरपाई चौदा फेऱ्यांत होते. वजन वरच्या फळीला आपटेपर्यंत फिरवू नका, तात तुटते.

रात्रीचे टोले नको म्हणून टोल्यांच्या बाजूला चावी न देण्याची युक्ती सगळ्यांना सुचते. काही घड्याळं मग बारा ते एकच्या दरम्यान अडकून बसतात, कारण टोले मोजणारी पट्टी बाराच्या पायरीवरून एकच्या पायरीवर येताना अडते. त्यापेक्षा हातोडीला चामड्याचा तुकडा बांधा. दिवसाला १५६ टोले असतात, बांधलेलाच बरा.

## ८. आता नाव वाचा

तबकडीवर आहे तसं, अक्षरशः उतरवून घ्या. स्पेलिंग सुधारू नका.

मोठ्या नावाला भुलू नका. थॉमस टॉम्पियन (१६३९ ते १७१३) यांच्या नावाची नक्कल त्यांच्या हयातीतच व्हायची. ते वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलेत, आणि पुढे त्यांचे भागीदार जॉर्ज ग्रॅहम यांनाही त्याच कबरीत ठेवलं. त्यांचं घड्याळ गावच्या लिलावात दोनशे पौंडांना सापडत नसतं.

मग गाव. इंग्लंडात बार्टन नावाची गावं डझनावारी आहेत. मी सुरुवातीला हंबर नदीकाठच्या बार्टनमध्ये डीकन शोधत एक शनिवार घालवला. त्यानंतर जिल्ह्याचं संग्रहालय आठवलं. डीकन घराण्याने बार्टन इन द बीन्समध्ये १७७१ पासून १९५१ पर्यंत घड्याळांचं काम केलं आणि त्यांची कार्यशाळा उचलून लेस्टरच्या न्यूआर्क हाउसेस संग्रहालयात उभी केली गेली. म्हणजे ‘डीकन, बार्टन’ हे एकट्या सॅम्युएलचं नाव नव्हे. ते १८० वर्षांचं घराणं आहे. माझ्या तबकडीवर आद्याक्षर नाही, म्हणून काळ ठरवायला तबकडी आणि काटेच धरावे लागले.

कागदपत्रं कुठे, ते थोडक्यात:

- जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या, म्हणजे धंदेवाल्यांच्या नावपत्त्यांच्या छापील याद्या: लेस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, फक्त याच जिल्ह्याच्या नाहीत, सगळ्या इंग्लंडच्या.
- शिकाऊ मुलांची नोंद: १७१० ते १८११ या काळात उस्ताद जी फी घेई तिच्यावर सरकारी कर होता, त्याच्या वह्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. बाप मुलाला फी न घेता शिकवायचा, त्यामुळे असे मुलगे त्यात सापडत नाहीत.
- मृत्युपत्रं: १८५८ पूर्वीची चर्चच्या न्यायालयांच्या नोंदींत, नंतरची सरकारी सूचीत. हत्यारं कोणाला दिली, तेही कधी कधी लिहिलेलं असतं.
- जनगणना: १८४१ पासून नाव आणि व्यवसाय मिळतो.
- लंडनचा घड्याळजी असेल तर १६३१ मध्ये सनद मिळालेल्या क्लॉकमेकर्स कंपनीच्या नोंदी. तिचं संग्रहालय आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

सापळा: गावच्या चर्चच्या नोंदवहीत बारशाची तारीख नाही म्हणून माणूसच नव्हता, असं समजू नका. सॅम्युएल डीकन बॅप्टिस्ट पंथाचे, स्वतः उपदेशकही होते. हा पंथ लहान बाळांचा बाप्तिस्मा करत नाही. कितीतरी घड्याळजी बॅप्टिस्ट किंवा क्वेकर होते. त्यांच्या नोंदी त्यांच्या पंथाच्या वह्यांत शोधा.

आणि एक नाव तबकडीवर नसतं. टॉर्च घेऊन यंत्राच्या पत्र्यांवर आणि तबकडीच्या मागे पाहा. जुने दुरुस्तीवाले तिथे सुईने बारीक अक्षरांत आपलं नाव, तारीख ओरखडून ठेवायचे. माझ्या घड्याळात अशा तीन तारखा आहेत, सगळ्यात जुनी १८४३ ची, आणि नाव काही केल्या लागत नाही. तुमच्या घड्याळजीला पत्र्यावर ओरखडू देऊ नका, कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावायला सांगा. आमच्या दारामागे त्या म्हाताऱ्या गृहस्थांची चिठ्ठी आहे. तिच्या शेजारी माझी, भाच्यासाठी, कारण आम्ही सुट्टीवर गेलो की चावी तो देतो: ‘रविवारी १४ फेऱ्या. दोन्ही बाजू. शुक्रवारी थांबलं तर घड्याळाला हात लावू नकोस, भिंतीतले स्क्रू बघ.’